‘नैसर्गिक’ या शब्दाचा बाजारभाव

‘बायपोलर विकार असण्याची शक्यता दिसते,’ असे डॉक्टरांनी सांगितल्यावर दवाखान्यातून बाहेर पडणाऱ्या माणसाच्या मनात बहुधा एकच प्रश्न असतो : ही गोळी न घेता भागणार नाही काय? पर्याय सुचविणाऱ्यांची तर वाण नसतेच. अश्वगंधा, ब्राह्मी, माशाच्या तेलाच्या कॅप्सूल, परदेशी वनस्पतींचे अर्क. या माणसाला अडाणी ठरवून मोकळे होणे सुशिक्षित मध्यमवर्गाला आवडते. तो अन्याय आहे. परंतु पुरोगामी चळवळीतील काही मंडळी दुसऱ्या टोकाला जाऊन त्याची पाठ थोपटतात, ती चूक अधिक घातक आहे. त्यांचा युक्तिवाद असा : औषध कंपन्या नफेखोर आहेत, म्हणून त्यांची गोळी संशयास्पद, जडीबुटी ही जनतेची, म्हणून निर्धोक. यातील पहिले विधान खरे आहे. पण त्यापासून दुसरे निष्पन्न होत नाही.

या आजारावरील सर्वांत जुन्या व आजही पहिल्या पंक्तीत असलेल्या औषधाचा, लिथियमचा, इतिहास या मंडळींनी पाहावा. लिथियम कोणा कंपनीच्या प्रयोगशाळेत जन्मलेले नाही. १८१७ साली स्वीडनमध्ये ते खनिजात सापडले. त्याचे क्षार झऱ्यांच्या पाण्यातही असतात. १९४९ साली ऑस्ट्रेलियातील जॉन केड या डॉक्टरांनी उन्मादाच्या रुग्णांवर त्याचा उपयोग दाखवून दिला आणि पुढे डेन्मार्कच्या मोगेन्स शू यांनी तो पद्धतशीर चाचण्यांनी पारखला. निसर्गातल्या या पदार्थावर कोणाची मक्तेदारी बसविता येत नव्हती, म्हणून त्यात कोणाला मोठा नफाही नव्हता. अमेरिकेत त्यास मान्यता मिळावयास १९७० साल उजाडले. आजही ही गोळी काही रुपयांना मिळते. ‘नैसर्गिक’ हीच कसोटी असेल तर लिथियम त्या कसोटीस केव्हाच उतरले आहे. फक्त त्याच्या बाटलीवर हिरवे पान छापलेले नसते.

आणि ज्या १९४९ साली केड यांनी हा उपयोग दाखविला, त्याच साली अमेरिकेत लिथियमचा क्षार मिठाऐवजी वापरणारे काही लोक विषबाधेने दगावले. पदार्थ तोच. एका ठिकाणी तो मोजून दिला गेला, दुसऱ्या ठिकाणी जेवणावर भुरभुरला गेला. रक्तातील त्याचे प्रमाण प्रतिलिटर साधारण ०.६ ते १.० मिलिइक्विव्हॅलंट असावे लागते, १.५ च्या पुढे विषबाधेची भीती. उन्हात राबून अंगातले पाणी कमी झाले, मीठ एकाएकी तोडले, किंवा सांधे दुखतात म्हणून आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामक गोळी घेतली, तरी ते वाढते. म्हणून रक्ततपासणी आणि मूत्रपिंड व थायरॉइड यांवर लक्ष, हा उपचाराचाच भाग होय. असे असता अमेरिकेत लिथियमचाच एक क्षार, लिथियम ऑरोटेट, पूरक आहार म्हणून कोणत्याही तपासणीविना विकला जातो!

देशी वनस्पतींना विज्ञानाने दारातच उभे केले, ही तक्रारही पुराव्यास धरून नाही. सर्पगंधा शतकानुशतके वेडावर दिली जात असे. १९३१ साली कलकत्त्याच्या सेन व बोस यांनी तिच्यावर लिहिले, १९४९ साली मुंबईच्या डॉ. रुस्तम वकील यांनी रक्तदाबावरील तिचा गुण जगासमोर मांडला. पुढे तिच्यातील रिसर्पिन जगभर वापरले गेले आणि काही रुग्णांना त्याने खोल नैराश्य येते, अशाही नोंदी झाल्या. वनस्पती गुणकारी असते तेव्हा ती अपायही करू शकते.

बायपोलर विकारात तर हा धोका विशेष आहे. रुग्ण सहसा नैराश्याच्या काळात दवाखान्यात येतो. उन्मादाच्या काळात दोन तास झोपून तो ताजातवाना असतो, कर्ज काढून नवे धंदे मांडतो, आणि त्यास आजार समजतच नाही. अशा वेळी केवळ मन उभारी धरावे म्हणून घेतलेली वस्तू त्यास उन्मादात ढकलू शकते. सेंट जॉन्स वर्ट या युरोपीय वनस्पतीबाबत आणि ‘सॅम-ई’ नावाच्या पूरक द्रव्याबाबत असे घडल्याच्या नोंदी आहेत. माशाच्या तेलाने काही चाचण्यांत नैराश्य थोडे हलके झालेले दिसले, उन्माद मात्र आवरलेला दिसला नाही. ते औषधाच्या जोडीला डॉक्टरांना सांगून घेतले, तर भांडण कशाला? औषधाच्या जागी घेतले तर मात्र महिने वाया जातात, आणि या आजारात वाया गेलेल्या महिन्यांत नोकरी जाते, घर मोडते, कधी जीवही जातो.

मग माणूस बाटलीकडे का वळतो? बाटली निदान विचारीत नाही, म्हणून. हिंदू विवाह कायद्यात मानसिक विकार हे आजही घटस्फोटाचे एक कारण आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी नोकरास आजारामुळे काढता येत नाही. परंतु कंत्राटी कामगाराने कोणाच्या दारात जावे? ज्या समाजात आजाराचे नाव उच्चारताच स्थळ आणि रोजगार दोन्ही हातचे जातात, तेथे निनावी बाटलीला गिऱ्हाईक मिळणारच. व्यापाऱ्याला हे पक्के ठाऊक आहे. पूरक आहार हा कायद्याने अन्न समजला जातो. आजारावर गुण येतो हे त्यास सिद्ध करावे लागत नाही. मेंदूच्या विकारांवर व वेडावर उपाय असल्याची जाहिरात १९५४ च्या कायद्याने निषिद्ध आहे, म्हणून बाटलीवर ‘मनःशांती’ एवढेच छापायचे. बाकीचे ऐकीव माहिती करते. आयुर्वेदीय औषधांच्या जाहिरातींना पूर्वपरवानगी लागावी हा २०१८ चा नियम तर केंद्र सरकारने २०२४ साली गाळूनच टाकला.

याला तोंड देणारी सार्वजनिक व्यवस्था कोठे आहे? २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात बायपोलर विकाराचे सुमारे ७० टक्के रुग्ण उपचाराबाहेर आढळले. लाख लोकांमागे एकही मानसोपचारतज्ज्ञ नाही, अशी देशाची सरासरी. त्यातले बहुतेक शहरांत. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने अत्यावश्यक यादीतील औषधे सामुदायिक आरोग्य केंद्रापासून, म्हणजे महाराष्ट्रात ग्रामीण रुग्णालयापासून, वरच्या प्रत्येक सरकारी रुग्णालयात सदैव मोफत मिळावीत असे बंधन घातले आहे. लिथियम २०२२ च्या राष्ट्रीय यादीत आहे. गोळी स्वस्त आहे, कायदा स्पष्ट आहे. पण गोळीसोबत जी रक्ततपासणी हवी तिच्यासाठी रुग्णाला जिल्ह्याच्या गावी किंवा खासगी प्रयोगशाळेत धाडायचे असेल, तर मजुरी बुडवून तो किती वेळा जाईल?

तेव्हा ‘निसर्ग की रसायन’ या वादात कार्यकर्त्यांनी शक्ती दवडू नये. ग्रामीण रुग्णालयात जाऊन विचारावयाचे प्रश्न साधे आहेत. लिथियमच्या गोळ्या भांडारात आहेत काय? गेल्या सहा महिन्यांत किती दिवस नव्हत्या? रक्तातील प्रमाण येथे तपासले जाते, की नमुना बाहेर पाठविला जातो, आणि त्याचा खर्च कोण देतो? मानसोपचारतज्ज्ञ महिन्यातून कोणत्या दिवशी येतात, आणि मागच्या खेपेस आले होते काय? ही उत्तरे लेखी घ्यावीत आणि जिल्हा नियोजन समितीच्या पुढच्या बैठकीपूर्वी सदस्यांच्या हाती द्यावीत.