शिंपी आणि करपा

भिवंडीत मागांची खडखड जरा थांबली की अंगणातल्या झाडावरून खणखणीत ‘टुविट् टुविट्’ ऐकू येतं. हा शिंपी पक्षी. लांबी जेमतेम १३ सेंटिमीटर, वजन दोन चमचे साखरेइतकं. कापडाच्या या गावाला शोभेल असाच त्याचा धंदा आहे.

शहर ओलांडून भाताच्या खाचरांकडे गेलं की दुसरा एक जीव भेटतो. तो करपा रोगाची बुरशी. दोघांची तुलना कशाला, असं वाटेल. पण पानाला भोक पाडण्याचं काम दोघंही करतात.

शिंप्याची मादी चोचीने पानाच्या कडांना बारीक छिद्रं पाडते. त्यांतून कोळ्याच्या जाळ्याचा धागा किंवा कापसाचे तंतू ओवून कडा जोडते आणि आत मऊ अस्तर घालते. छिद्रं इतकी बारीक असतात, की पान देठावर हिरवंच राहतं. पान हिरवं असतं तोवर घरटं कुणाला सहसा दिसत नाही.

करप्याचा बीजाणू ओल्या पानावर रुजतो आणि घुमटासारखी पेशी बनवून तिथे घट्ट चिकटतो. तिच्यातला दाब मोटारीच्या टायरमधल्या दाबाच्या सुमारे ३५ ते ४० पट असतो! त्या जोरावर बुरशी पानात घुसते आणि ते आतून खाते. पानावर दोन्ही टोकांना निमुळते, मध्ये राखाडी आणि कडेला तपकिरी ठिपके उमटतात. ती लोंबीच्या मानेपर्यंत पोहोचली, तर दाणे पोचट राहतात.

ठिपके दिसले की घाईत कीटकनाशक फवारलं जातं. पण करपा म्हणजे कीड नव्हे. त्या औषधाने बुरशीचं काही बिघडत नाही. मरतात ते किडे, म्हणजे शिंप्याच्या पिलांचा घास. पैसा जातो आणि पीकही वाचत नाही.

म्हणून आधी रोग ओळखा. ठिपक्यांचं पान सहायक कृषी अधिकाऱ्याला दाखवा. युरिया एकदम ओतू नका, हप्त्याहप्त्याने द्या. जास्त नत्राने करपा फोफावतो. पुढच्या पेरणीआधी १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बियाणं टाका. तरंगणारं काढून फेका, तळाचं स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत वाळवा.

आणि अंगणात एखादं पान शिवलेलं दिसलं, तर मुलांना लांबूनच दाखवा. पिलं उडून जाईपर्यंत त्या फांदीला कात्री लावू नका.