परसदार : कागदाचे घर आणि वळवाचा वारा



चैत्र-वैशाखातली दुपार कशी असते, ते तुम्हांला सांगायला नको. चार वाजेपर्यंत पान हालत नाही. मग एका अंगाला आभाळ काळवंडते, धुळीचा लोट उठतो आणि पाहता पाहता वारा अंगणातली वाळवणे उडवून नेतो. बाया धावत जाऊन कुरडया-पापड उचलतात, गडी गंजीवरचा ताडपत्रीचा कोपरा धरतात. पण परसात उभ्या असलेल्या कागदाच्या घराकडे धावून उपयोग नसतो. ते आधीच मजबूत बांधलेले असेल तर राहते, नसेल तर जाते.

कागदाचे घर म्हणजे आपले घरगुती हरितगृह. प्लॅस्टिकच्या पातळ पापुद्र्याला खेडोपाडी सगळे 'कागद'च म्हणतात, म्हणून आपणही तोच शब्द वापरू. मिरची, टोमॅटो, वांगी, कोबी यांची रोपे घरच्या घरी तयार करता यावीत, पावसाच्या सरीने ती झोडपली जाऊ नयेत आणि पांढऱ्या माशीने मिरचीवर बोकड्या आणू नये, एवढ्यासाठी असे एक लहान घर परसात असावे. बांबू बांधावरचा असला तर पैसे लागतात ते कागदाला, जाळीला आणि दोरीला.

माझे पहिले घर एकाच वळवात गेले. ते बांधताना कोठे चुकले, ते आधी सांगतो, कारण तीच चूक पुष्कळ ठिकाणी दिसते.

खांब दीड फूट पुरले होते, कागद चांगला ताणला होता, चारी बाजूंनी खिळे ठोकले होते. दिसायला घर झोकदार होते. शेजारच्या काकूंनी त्यांच्या घरची गावरान मिरची माझ्याकडे रोपासाठी दिली होती. हे बी त्यांच्या सासूबाईंपासून चालत आलेले. दर वर्षी निवडक मिरच्या वाळवायच्या, बी राखेत घोळवून गाडग्यात ठेवायचे, असा त्यांचा शिरस्ता. त्या वर्षी त्यांनी सारे गाडगे माझ्या हाती दिले आणि मी सारे बी एकदम पेरले. रोपे बोटभर झाली आणि एके संध्याकाळी वारा सुटला. कागद आधी एका कोपऱ्याला सुटला, आत वारा भरला, आणि सगळा सांगाडा उचलून पलीकडच्या बांधावर उताणा पडला. खालची रोपे काही चिरडली, काही गाराने सपाट झाली. काकू आल्या, त्यांनी पाहिले आणि एवढेच म्हणाल्या, "आता बी कुठून आणायचं रे?" त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते.

हे घर का गेले? आपण समजतो, वारा घर ढकलून पाडतो. खरे तर कागदाचे घर तो वर उचलतो. छपरावरून वेगाने जाणारा वारा कागद वर ओढतो आणि आत शिरलेला वारा खालून वर रेटतो. दोन्ही मिळून कागदाचे शीड होते. म्हणून अशा घराला वजन पेलायला जेवढी ताकद लागते, तेवढीच जमिनीला धरून राहायलाही लागते. ही एक गोष्ट ध्यानात आली, की पुढचे सगळे आपोआप सुचते.

आता २० फूट लांब आणि १० फूट रुंद असे घर घेऊ. घरच्या गरजेला आणि शेजारच्या दोन-चार घरांना रोपे द्यायला ते पुरते. जागा अशी पाहावी, की दिवसभर ऊन मिळेल, पाणी साचणार नाही आणि वर झाडाची वाळकी फांदी नसेल. घराचे अरुंद तोंड पश्चिमेकडे ठेवावे. पावसाळी वारा मुख्यत्वे तिकडूनच येतो, आणि रुंद अंगापेक्षा अरुंद अंगाला त्याचा मार कमी बसतो. वळवाच्या वाऱ्याला मात्र दिशा नसते, तेव्हा चारी बाजू पक्क्या हव्यात.

बांबू. माणगा, मेस, मानवेल, आपल्या भागात जो मिळेल तो चालेल. पण तो तीन-चार वर्षांचा पक्व असावा. कोवळा बांबू वाळताना आकसतो, मग गाठी सैल पडतात आणि भुंगाही लवकर लागतो. तोडलेला बांबू तीन-चार आठवडे वाहत्या पाण्यात बुडवून ठेवला, तर त्यातला गोड अंश निघून जातो आणि भुंग्याला खायला उरत नाही. नंतर तो सावलीत उभा करून वाळवावा. जमिनीत जाणाऱ्या भागाला आणि त्यावर अर्ध्या फुटापर्यंत डांबर लावावे. नुसता बांबू पुरला, तर एक-दोन पावसाळ्यांत तो जमिनीलगत कुजतो, आणि वरून धडधाकट दिसणारा खांब ऐन वाऱ्यात दगा देतो. खांबाचे वरचे टोक गाठीच्या अगदी वर कापावे, म्हणजे पोकळीत पाणी भरत नाही.

सुमारे २० फूट लांबीचे २६ बांबू लागतील. त्यांत दोन्ही बाजूंचे १० खांब, छपराचे १० वासे, ५ आडवे बांबू, लांबीवर जाणारे ५ बांबू, तिरके टेकू, दाराची चौकट आणि चिरून काढायच्या कामट्या एवढे बसते.

खांब. दर पाच फुटांवर एक, असे एका बाजूला ५ खांब येतात. खांब साडेआठ फुटांचा घ्यावा. त्यातला दोन फूट जमिनीत, साडेसहा फूट वर. जमीन काळी असेल तर अडीच फूट खोल जावे आणि खांब तेवढा लांब घ्यावा, कारण काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि खांब सैल होतो. तिथे खड्डा काढलेल्या मातीनेच न भरता दगड आणि मुरूम घालून पहारीने ठेचून भरावा. त्याआधी आणखी एक काम करावे. खांबाच्या बुडाशी आरपार भोक पाडून त्यात फूटभर लांबीची आडवी खुंटी घालावी. ही खुंटी दगड-मुरुमाखाली दाबली गेली, की खांब वर उपटून येत नाही. माझ्या पहिल्या घराला एवढी वीतभर अक्कल नव्हती.

कैची. समोरासमोरच्या दोन खांबांवर १० फुटी आडवा बांबू बांधावा आणि त्यावर दोन वासे मधोमध उंच करून जोडावेत. आढे या आडव्या बांबूपासून तीन फूट उंच ठेवावे. वासे सात फुटांचे घेतले, तर पाणी पडायला फूटभर वळचण राहते. त्याहून जास्त वळचण ठेवू नये, वारा तिलाच धरून उचलतो. अशा पाच कैच्या झाल्या, की त्यांना जोडणारे लांब बांबू बसवावेत : एक आढ्याला, दोन खांबांच्या माथ्याला आणि दोन वाशांच्या मध्यावर.

जोडावर नुसता खिळा ठोकू नये, बांबू उभा चिरतो. गिरमिटाने भोक पाडून बांबूची खुंटी किंवा बोल्ट घालावा आणि वरून जस्ती तारेने आवळावे. तारेची टोके आत वळवून प्रत्येक जोडावर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळावी. नाही तर तेच टोक महिनाभरात कागद फाडते.

तिरके टेकू. घराची खरी मजबुती यातच आहे. चार दांड्यांची चौकट करून कोपऱ्याला धरून हलवा, ती लगेच कलते. तिला एक तिरकी दांडी मारा, मग हलणार नाही. कारण चौकोन दुमडतो, त्रिकोण दुमडत नाही. म्हणून लांब बाजूंच्या चारही टोकांना, कोपऱ्याच्या खांबाच्या बुडापासून शेजारच्या खांबाच्या माथ्यापर्यंत तिरका बांबू बांधावा. तो सुमारे सव्वाआठ फुटांचा लागतो. दोन्ही अरुंद बाजूंना दाराच्या अलीकडे-पलीकडेही तसेच टेकू द्यावेत. वासे कापून उरलेले सहा-सहा फुटांचे तुकडे जाळू नका. एका कैचीच्या आढ्यापासून शेजारच्या कैचीच्या आडव्या बांबूच्या मध्यापर्यंत ते नेमके पोचतात. चार गाळ्यांत असे चार तुकडे बसवले, की सगळ्या कैच्या एकीला एक धरून राहतात.

मग कागद चढवण्याआधी घरातल्या दांडग्या माणसाला कोपऱ्याच्या खांबाला खांदा लावायला सांगा. घर डोलले, तर टेकू कमी आहेत. कागद चढल्यावर हे कळून उपयोग नाही.

कागद आणि जाळी. कागद उन्हाला टिकणारा, म्हणजे अतिनील किरणांची प्रक्रिया केलेला, २०० मायक्रॉन जाडीचा मागावा. तो साधारण तीन वर्षे काम देतो. साधे प्लॅस्टिक एका हंगामातच उन्हाने कडक होऊन चिरते, तेव्हा ते स्वस्त पडत नाही. छपराला २३ फूट लांब आणि १६ फूट रुंद असा एकसंध तुकडा लागेल. वारा पडलेला असताना, ऊन थोडे तापल्यावर तो चढवावा. थंडीच्या पहाटे ताणलेला कागद दुपारी सैल पडतो, फडफडतो आणि फडफडणारा कागदच फाटतो. कडेला खिळे न मारता कागदाची कड कामटीभोवती दोन वेढे गुंडाळून ती कामटी बांबूला बांधावी, म्हणजे ताण एका भोकावर न येता सगळ्या कडेवर वाटला जातो. कागदाला कोठे झोळ राहू देऊ नका. त्यात पाणी साचते, आणि घागरभर पाण्याचे वजनही दहा-पंधरा किलो होते.

चारी बाजूंना कागद नको, ४० मेशची कीटकरोधक जाळी लावावी. आपल्याकडच्या उन्हात बंद घराची भट्टी होते. जाळीतून हवा खेळते, वाराही थोडा पार होतो आणि पांढरी माशी बाहेर राहते. फुलकिडे तिच्याहून बारीक असल्याने थोडे शिरतातच, त्यांच्यावर नजर ठेवावी. जाळीची खालची कड फूटभर मातीत गाडावी. एप्रिल-मेमध्ये छपरावर ५० टक्के सावलीची जाळी घालावी. ती कागदापासून अर्धा फूट उंच ताणली, तर गारांचा मारही बराच अडतो. फेब्रुवारी-मार्च २०१४ मधली गारपीट ज्यांनी मराठवाड्यात, विदर्भात पाहिली, त्यांना याचे महत्त्व सांगायला नको.

नाडा. कडब्याची गाडी भरल्यावर आपण वरून नाडा टाकून आवळतो की नाही? तसेच येथे करायचे. दर दोन कैच्यांच्या मधून, कागदावरून आरपार नायलॉनची दोरी टाकावी आणि दोन्ही बाजूंना जमिनीत मेखा ठोकून आवळावी. मेख दोन फुटांची असावी आणि ती तिरपी ठोकावी, तिचे डोके घराच्या उलट बाजूला झुकलेले हवे. उभी मेख ओढीने उपटते. दर पंधरा दिवसांनी दोऱ्या पुन्हा ताणाव्यात, हे काम पोरांनाही जमते.

पश्चिमेला दहा-बारा फुटांवर शेवरी किंवा गिरीपुष्पाची ओळ लावा. पक्क्या भिंतीवरून वारा उसळून पलीकडे आदळतो, झाडांच्या ओळीतून मात्र तो गाळून, मंद होऊन येतो.

एवढे करूनही समुद्रावरचे चक्रीवादळ आले, तर हट्ट करू नये. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' रायगडच्या किनाऱ्यावर आले, मे २०२१ मध्ये 'तौक्ते' कोकण किनाऱ्याजवळून गेले. दोन्ही वेळी इशारा आधी मिळाला होता. अशा वेळी कामट्या सोडून कागद उतरवावा, गुंडाळून घरात ठेवावा आणि रोपांचे ट्रे ओसरीवर घ्यावेत. कागद काढलेला सांगाडा वाऱ्याला फारसा सापडत नाही.

आत काम करताना पाणी सकाळी द्यावे, तेही बेताने. संध्याकाळी ओली राहिलेली रोपे मानेशी कुजून आडवी पडतात. आणि मुख्य म्हणजे, घरचे बी कधीही सगळे एकदम पेरू नका. निम्मे गाडग्यात राहू द्या. घर कितीही पक्के असले, तरी हा नियम मोडू नये.

त्या काकूंच्या मिरचीचे काय झाले, हे तुम्ही विचारालच. बांधावरचा सांगाडा उचलताना एका फुटक्या ट्रेमध्ये सात रोपे जिवंत सापडली. ती काकूंनी स्वतःच्या हाताने न्हाणीच्या पाण्यावर लावली आणि त्यातली पाच जगली. पुढच्या वर्षी गाडग्यात पुन्हा बी आले, थोडेच, पण आले. मी दुसरे घर बांधले, तेव्हा त्यांनी त्यातले निम्मेच माझ्या हातावर ठेवले आणि आधी कोपऱ्याच्या खांबाला खांदा लावून पाहिला.

वळीव तोंडावर आला आहे. ज्यांचे घर उभे आहे, त्यांनी आजच संध्याकाळी एकदा खांदा लावून पाहावा.