‘सर्व नाही’ आणि ‘एकही नाही’

‘सर्व साप विषारी असतात’ हे विधान खोडून काढावयास एक धामण पुरेशी आहे. त्यासाठी ‘एकही साप विषारी नसतो’ असे म्हणू लागलो, तर नाग, मण्यार, घोणस व फुरसे तत्काळ विरुद्ध साक्ष देतील. पहिला विरोध व्याघाताचा. त्यात एक विधान खरे व दुसरे खोटे असलेच पाहिजे. दुसरा वैपरीत्याचा, त्यात दोन्ही विधाने खोटी असू शकतात, आणि येथे ती आहेतच. हा भेद ॲरिस्टॉटलने दाखविला. मराठीत मात्र ‘सर्व साप विषारी नसतात’ हे वाक्य दोहोंकडे झुकते. शालेय पुस्तकात असले वाक्य घातक होय. ‘सर्वच’ लिहिल्याने संदिग्धता पुष्कळ ओसरते. पण ‘काही साप विषारी नसतात’ असेच भाषांतरकाराने लिहावे, असे माझे स्पष्ट मत आहे.