वारा पडेपर्यंत

एजियन समुद्रात शिडाची नौका भाड्याने घेऊन ग्रीक बेटे पाहावयास निघालेल्यांची तक्रार बहुधा एकच असते: वाऱ्याने चार दिवस बंदरात डांबून ठेवले, सहल वाया गेली. ही तक्रार आम्हास मुळातच चुकीची वाटते; थोडी उद्धटही.

या वाऱ्याला आज मेल्तेमी म्हणतात. प्राचीन ग्रीकांनी त्याला दिलेल्या नावाचा अर्थच ‘दरवर्षी येणारा’ असा होता. जुलै-ऑगस्टमध्ये तो उत्तरेकडून दिवसेंदिवस वाहतो, कित्येकदा ब्यूफोर्ट मापनावर ७-८ पर्यंत चढतो, आणि आभाळ मात्र निरभ्र! नवख्याची फसगत होते ती इथेच. बाल्कन प्रदेशावरील अधिक दाब आणि तुर्कस्तानावरील कमी दाब यांच्या ओढीतून तो जन्मतो. हा कमी दाब म्हणजे आपल्या मान्सूनच्या कमी दाबाचेच पश्चिमेकडे पसरलेले टोक. कोकणात होड्या झापांनी शाकारून ठेवावयास लावणारा पावसाळा आणि पारोस-नाक्सोसच्या धक्क्याला नौका जखडणारा मेल्तेमी हे असे एकमेकांचे नातलग आहेत. पण आपला कोळी नारळी पौर्णिमेपर्यंतचा काळ वाया गेला असे म्हणत नाही.

इ.स.पू. ३५१ मध्ये डेमॉस्थेनीसने अथेन्सकरांना बजावले होते की, मॅसिडोनियाचा फिलिप हा वारा किंवा हिवाळा गाठूनच चाल करतो, कारण तेव्हा आपले आरमार तिथे पोहोचू शकत नाही. वारा शत्रूच्याही पंचांगात होता. पर्यटकाच्या तेवढा नाही.

थांबता न येण्याची किंमत ग्रीक वाङ्मयाइतकी क्वचितच कोणी मांडली असेल. एस्किलसच्या ‘अगामेम्नॉन’मध्ये प्रतिकूल वाऱ्याने ऑलिसला अडकलेला सेनापती पोटच्या मुलीचा बळी देतो. ‘ओडिसी’च्या बाराव्या सर्गात वारा महिनाभर दिशा बदलत नाही, शिधा संपतो, आणि ओडिसियसचे सोबती सूर्यदेवाची गुरे मारून खातात. त्यांतला एकही घरी पोहोचत नाही. त्यांची भूक खरी होती, हे मान्य. तरीही वाऱ्याने त्यांना फक्त अडवले होते. पुढचे त्यांनी स्वतः केले.

आजच्या प्रवाशाला भूक नसते, शनिवार असतो. नौका बहुधा शनिवार ते शनिवार मिळते, पुढे विमानाचे तिकीट. दक्षिणेकडे जाताना वारा पाठीशी असतो; परतताना तोच तोंडावर येतो, आणि सहाव्या दिवशी कप्तानाचा विवेक त्या तिकिटाशी भांडू लागतो. डोंगराळ बेटाच्या आडोशाचाही भरवसा नाही. तिथे वारा कड्यांवरून कोसळतो आणि त्याचे झोत उघड्या समुद्रापेक्षाही जोरकस असू शकतात. म्हणून जाणते आधी उत्तरेकडे चढतात, परतीला दोन दिवस मोकळे राखतात. बंदरातही ते रिकामे बसत नाहीत: नांगर सरकला का पाहायचे, साखळी वाढवायची, दोर दुहेरी करायचे. फारच घाई असेल तर नौका तिथेच सोडून फेरीबोटीने परतावे. अर्थात वारा तेवढा चढला तर बंदराचे अधिकारी फेरीबोटीही धक्क्यालाच थांबवतात.