राखण कोणी करायची?

विदर्भात तूर शेंगा धरू लागली, कोकणात भात पोटरीवर आले, की शेतकऱ्याच्या झोपेवर संक्रांत येते. बियाणे, खत, निंदणी, फवारणी असा सारा खर्च तोपर्यंत होऊन चुकलेला असतो. पाऊसही कसाबसा पदरात पडलेला असतो. नेमक्या याच वेळी रात्री रानडुकरांचा कळप शेतात शिरतो, रोह्यांची टोळी हरभऱ्याचे शेंडे खुडून जाते आणि कोकणात तर दिवसाढवळ्या माकडे नारळ-केळीवर तुटून पडतात. सकाळी बांधावर उभ्या राहिलेल्या माणसाला जे नुकसान डोळ्यांनी दिसते, ते पंचनाम्यात लिहिता येते. जे दिसत नाही, ते कोणत्याच कागदावर येत नाही. वन्य प्राणी आणि शेती यांच्या संघर्षाची चर्चा इतकी वर्षे चालू असूनही प्रश्न जेथल्या तेथे आहे, याचे एक मोठे कारण या न लिहिल्या गेलेल्या नुकसानात आहे.

या प्रश्नावर दोन ठरीव बाजू पडलेल्या आहेत. एका बाजूचे म्हणणे असे, की पिकावर येणारा प्राणी मारण्याची मुभा शेतकऱ्याला द्यावी, म्हणजे प्रश्न मिटला. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे, की माणसानेच जंगलावर अतिक्रमण केले आहे. तेव्हा प्राण्यांनी चार कणसे खाल्ली तर त्याचा बोभाटा कशाला? दोन्ही बाजू आवेशाने बोलतात, आणि दोन्ही बाजूंना मूळ प्रश्नाला हात घालायचा नसतो. वन्य प्राणी राखावयाचे हे एकदा समाजाने ठरविल्यावर त्यांच्या पोषणाचा खर्च कोणी सोसावयाचा, हा तो मूळ प्रश्न होय.

कायद्याने घेतलेली अर्धी जबाबदारी

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ साली झाला. तो आवश्यक होता, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. बेसुमार शिकारीने वाघापासून काळविटापर्यंत अनेक प्राणी नाहीसे होण्याच्या वाटेवर होते आणि कायद्याचा कडक आधार मिळाला नसता, तर त्यांतले कित्येक आज केवळ चित्रांत उरले असते. हा कायदा आंधळा आहे असेही म्हणता येणार नाही. त्याच्या अकराव्या कलमान्वये, उभ्या पिकाला धोका निर्माण करणारा प्राणी पहिल्या अनुसूचीबाहेरचा असल्यास त्याला मारण्याची परवानगी मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी प्राधिकृत केलेला अधिकारी देऊ शकतो. बासष्टाव्या कलमान्वये केंद्र सरकारला असा प्राणी विशिष्ट प्रदेशापुरता आणि विशिष्ट मुदतीपुरता ‘उपद्रवी’ म्हणून जाहीर करता येतो.

तथापि या कायद्याने एक गोष्ट केली आणि तिची जोडगोष्ट करावयाची राहून गेली. प्राण्यांच्या रक्षणाचा अधिकार शासनाने आपल्याकडे घेतला, आणि ते योग्यच झाले. पण त्या प्राण्यांपासून पिकाचे रक्षण करण्याचा भार मात्र होता तेथेच, म्हणजे शेतकऱ्याच्या डोक्यावर राहिला. पूर्वी त्याच्या हातात जी काही साधने होती ती गेली, आणि त्यांच्या जागी आला तो अर्ज, पंचनामा आणि प्रतीक्षा.

मारण्याच्या मार्गाचा अनुभव देशाने घेतलेला आहे. डिसेंबर २०१५ मध्ये बिहारच्या काही जिल्ह्यांत निलगाय व रानडुक्कर, फेब्रुवारी २०१६ मध्ये उत्तराखंडाच्या काही भागांत रानडुक्कर आणि त्याच वर्षी हिमाचल प्रदेशात माकड हे प्राणी उपद्रवी ठरविण्यात आले. जून २०१६ मध्ये बिहारमधील मोकामा भागात बाहेरून आणलेल्या नेमबाजांनी दोनशेहून अधिक निलगायी मारल्या. त्यावरून देशभर गहजब झाला आणि केंद्रातील दोन मंत्र्यांमध्येच जाहीर वाद जुंपला. हिमाचलात परवानगी असूनही, माकडाला मारुतीचे रूप मानणाऱ्या गावकऱ्यांतून त्याच्यावर हात उचलायला फारसे कोणी पुढे आले नाही. केरळने मे २०२२ मध्ये अधिक व्यवहार्य वाट काढली. रानडुकरांबाबत निर्णय घेण्याचे अधिकार तेथे स्थानिक स्वराज्य संस्थांच्या प्रमुखांकडे सोपविण्यात आले.

नीतीच्या दृष्टीने पाहिले तरी हा मार्ग सर्वस्वी त्याज्य ठरत नाही. अहिंसेचा याहून मोठा पुरस्कर्ता सापडणार नाही अशा महात्मा गांधींनीच मे १९४६ मध्ये ‘हरिजन’ पत्रात या प्रश्नाचा ऊहापोह केला होता. देशात अन्नाचा दुष्काळ असताना अहिंसेच्या नावाखाली जनावरांना पीक खाऊ देणे हे पापच होय, असा त्यांचा निर्वाळा होता. शेती करणाऱ्याला पिकाच्या रक्षणासाठी अपरिहार्य तेवढी हिंसा करावी लागते. ती स्वतः न करता दुसऱ्याकडून करवून घेतली म्हणून फारसा फरक पडत नाही, असेही त्यांनी स्पष्ट केले होते. शहरात बसून धान्य विकत घेणाऱ्या आणि वन्य प्राण्यांविषयी कळवळा बाळगणाऱ्या प्रत्येकाने हे दुसरे विधान विशेष ध्यानात ठेवावे.

परंतु बंदुकीच्या भरवशावर धोरण उभे राहत नाही. परवाना असलेली बंदूक आणि ती रात्री अचूक चालविणारा माणूस या दोन्ही गोष्टी गावोगाव नसतात. रानडुकराची मादी एका वेळी अनेक पिल्ले देते. त्यामुळे चार डुकरे मारली म्हणून कळप कमी होतोच असे नाही. माकडे पकडून दूर सोडली, तर एका गावची पीडा दुसऱ्या गावाच्या गळ्यात पडते. मर्यादित प्रमाणात, गरज पडेल तेथे हा उपाय योजावा. मात्र तो एकमेव उपाय मानणे ही स्वतःची फसवणूक ठरेल.

कुंपणाचा उपाय आणि अपाय

मग उरते कुंपण. आज शेताभोवती काय नाही? बाभळीच्या काट्या आहेत, काटेरी तार आहे, जुन्या साड्यांच्या रंगीत भिंती आहेत, बुजगावणी तर पूर्वापार आहेतच. या सर्वांची मौज प्राण्यांना चार दिवस वाटते. पाचव्या दिवशी ते सरावतात. सौर कुंपण हे त्या मानाने परिणामकारक. त्यातून वाहणारा प्रवाह क्षणभराचा आणि तुटक असतो. त्याने प्राण्याला हिसका बसतो, पण जीव जात नाही. मात्र ते खर्चाचे काम आहे, त्याची निगा राखावी लागते, तारांखाली वाढलेले गवत वेळच्या वेळी कापावे लागते. आणि झाडावरून झाडावर उड्या मारणाऱ्या माकडाला ते अडवूही शकत नाही.

ज्याला हा खर्च परवडत नाही, तो कधी कधी विजेच्या खांबावरून थेट तार ओढतो. हा गुन्हा आहे आणि तो जीवघेणा आहे. एप्रिल २०१७ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड परिसरात ‘श्रीनिवास’ या नावाने ओळखला जाणारा वाघ अशाच तारेने मेला. रानडुकरासाठी लावलेल्या तारेला वाघ चिकटतो, तशी माणसेही चिकटतात. कधी शेजारचा मजूर, तर कधी तार लावणारा स्वतः. या कृत्याचे समर्थन कोणीच करणार नाही. पण कायदेशीर संरक्षण महाग आणि बेकायदा संरक्षण फुकट, अशी स्थिती ज्या व्यवस्थेने निर्माण केली, तिला केवळ गुन्हा नोंदवून मोकळे होता येणार नाही.

एकेकट्या कुंपणाचा आणखी एक दोष आहे आणि त्याकडे सहसा लक्ष जात नाही. कुंपणाने प्राण्याची भूक जात नाही. तो फक्त वळतो. दहा एकरवाल्याने शेत बंदिस्त केले, की कळप शेजारच्या दोन एकरवाल्याच्या शेतात उतरतो. वैयक्तिक अनुदानावर उभारलेले प्रत्येक कुंपण अशा रीतीने नुकसान कमी करण्याऐवजी ते अधिक दुबळ्याच्या वावरात ढकलण्याची भीती असते. म्हणून कुंपण घालायचेच, तर ते शिवाराला घालावे, सातबाऱ्याला नव्हे.

न पेरलेल्या पिकाचा पंचनामा

आता त्या न दिसणाऱ्या नुकसानाकडे वळले पाहिजे. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाच्या पश्चिम सीमेवरील गावांत मिलिंद वाटवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. जंगलापासूनच्या अंतरानुसार आणि राखणीनुसार प्रत्यक्ष उत्पन्नात किती फरक पडतो, हे त्यांनी मोजले. डोळ्यांनी पाहून केलेला नुकसानीचा अंदाज खऱ्या घटीच्या मानाने फारच तोकडा असतो, असे त्यातून दिसून आले. याचे कारण समजण्यास कठीण नाही. कोवळेपणी खुडलेले रोप पुन्हा फुटते, हिरवे दिसते. पंचनामा करणाऱ्याला ते शाबूत वाटते. पण कापणीच्या वेळी त्याला दाणा भरलेला नसतो. रोज थोडे थोडे खाल्ले गेलेले पीक कोणत्याही एका सकाळी ‘नष्ट’ झालेले नसते. त्यामुळे ते भरपाईच्या व्याख्येतही बसत नाही.

याहून मोठे नुकसान न पेरलेल्या पिकाचे. डुकरे येतात म्हणून कोणी भुईमूग सोडतो, कोणी मका. कोकणात माकडांच्या त्रासापायी परसातली भाजीसुद्धा लावायची सोडून दिलेली घरे आहेत. पुढची पायरी म्हणजे शेतच पडीक टाकणे. आणि येथे एक दुष्टचक्र सुरू होते. पडीक शेतात झुडपे माजतात, झुडपांत डुकरांना दिवसभर लपायला जागा मिळते, आणि काल जंगलापासून दूर असलेले शेजाऱ्याचे शेत आज जंगलाच्या काठावर येते. हंगामी राखण करणारे दहा जण होते तेथे सात उरले, की सातांवरचा भार वाढतो. मग सातांचे चार होतात. न पेरलेल्या पिकाचा पंचनामा कोणता तलाठी करणार?

राखणीची किंमतही कोठे धरलेली नाही. विदर्भात जिला जागल म्हणतात, ती महिनोन् महिने चालते. माळ्यावर बसून डबे वाजविणारा, आरोळ्या ठोकणारा माणूस दिवसा पुन्हा त्याच शेतात राबतो. अंधारात साप, विंचू, प्रसंगी वाघ-बिबट्या यांच्याशी गाठ पडण्याचे भय वेगळेच. शेताची राखण या भूमीला नवी नाही. हाल राजाच्या नावाशी जोडलेल्या ‘गाथासप्तशती’तही भाताची राखण करणाऱ्या तरुणी भेटतात. परंतु गावाची शेती एकत्र पिकत होती, घरात माणसे होती, आणि शेजारच्या माळ्यावरून हाकेला ओ येत होती, तोपर्यंत राखण हे सगळ्या शिवाराचे काम होते. आज मुले शिक्षणासाठी आणि नोकरीसाठी बाहेर आहेत. माळ्यावर साठीतला बाप एकटा आहे.

खर्चाची न्याय्य वाटणी

नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारने एक स्वागतार्ह घोषणा केली. वन्य प्राण्यांमुळे होणारे पिकाचे नुकसान खरीप २०२६ पासून प्रधानमंत्री पीक विमा योजनेत अतिरिक्त संरक्षण म्हणून समाविष्ट करण्याचे तिने जाहीर केले. कोणते प्राणी आणि कोणते जिल्हे यांत धरायचे, हे राज्यांनी ठरवावयाचे आहे. शेतकऱ्याने बहात्तर तासांच्या आत छायाचित्रांसह मोबाइलवरून नुकसान कळवायचे आहे. पाऊल योग्य दिशेने आहे. पण छायाचित्रात येते ते पुन्हा दिसणारेच नुकसान. रोज कुरतडल्या जाणाऱ्या पिकाचे बहात्तर तास नेमके केव्हा सुरू होतात, याचे उत्तर या पद्धतीत नाही.

म्हणून भरपाईचा पायाच बदलावा लागेल. वाटवे यांनी सुचविलेली दिशा अशी आहे, की किती खाल्ले गेले हे मोजण्याऐवजी किती पिकले हे मोजावे. गटातील शेतकऱ्यांचे सरासरी उत्पन्न, प्राण्यांचा त्रास नसलेल्या तशाच जमिनीतील उत्पन्नापेक्षा जितके कमी, त्या प्रमाणात मदत द्यावी. आणि ती देताना गटात ज्याने जास्त पिकविले त्याला जास्त द्यावे. यात खोटा दावा करण्याचा मोह उरत नाही, कारण पीक सोडून देणाऱ्याला नव्हे, तर राखून पिकविणाऱ्याला लाभ होतो. शिवाय गटातील प्रत्येकाचे उत्पन्न शेजाऱ्याला ठाऊक असते.

दुसरी गोष्ट राखणीची. दुष्काळात १९७२ साली ज्या राज्याने रोजगार हमीची योजना आणली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा केला, त्या महाराष्ट्राला एक तत्त्व नव्याने शिकविण्याची गरज नाही: समाजाला उपयोगी पडणाऱ्या कष्टाचे दाम समाजाने द्यावयाचे असते. बंधारा घालणे हे जर सार्वजनिक काम होते, तर जंगलाकाठच्या शिवाराची रात्रपाळीने जागल करणे हे सार्वजनिक काम का ठरू नये? गावातील तरुणांचे राखणदार गट, त्यांना ठरलेली मजुरी, विजेरी आणि विमा, शिवाराच्या हद्दीने सामूहिक सौर कुंपण, आणि एवढे करूनही जेथे उपद्रव आटोक्यात येत नाही तेथे ग्रामसभेच्या मागणीवरून तातडीने मिळणारी शिकारीची परवानगी, असा क्रम लावता येण्याजोगा आहे.

एवढा पैसा आणावयाचा कोठून, असे विचारले जाईल. हा खर्च आजही होतच आहे, हे त्याचे उत्तर. फक्त तो अंदाजपत्रकात दिसत नाही. तो कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरातून जातो. वाघ पाहण्यासाठी ताडोबाला जाणारा प्रवासी, जैवविविधतेचा धडा शिकविणारा शिक्षक, तो पाठ करणारा विद्यार्थी, या सर्वांनाच वन्य प्राणी टिकावेत असे वाटते, आणि ते वाटणे योग्य आहे. परंतु ज्या इच्छेचे मोल दुसराच कोणी चुकवितो, ती इच्छा उदार म्हणविता येत नाही. जंगलाकाठचा शेतकरी वन्य प्राण्यांचा वैरी नाही. पिढ्यान् पिढ्या तो त्यांच्या शेजारी राहिला आहे. त्याला वैरी बनविण्याचे काम अपुऱ्या भरपाईने आणि एकाकी राखणीने चालविले आहे. विम्यासाठी प्राण्यांच्या आणि जिल्ह्यांच्या याद्या आता व्हावयाच्या आहेत. त्या मंत्रालयात बसून न करता जागल करणाऱ्यांना विचारून केल्या, तर निदान सुरुवात तरी योग्य ठिकाणाहून होईल.