वाढदिवस बाळाचा की डीजेचा?

आमच्या आईची जन्मतारीख १ जून. थोरल्या मावशीची १ जून. शेजारच्या काकांची १ जून आणि त्यांच्या धाकट्या भावाचीही १ जूनच. शाळेत नाव घालायला गेल्यावर गुरुजींनी विचारायचे, "जन्म कधीचा?" आजीने सांगायचे, "बाजरी काढणीला होता, तवा झाला." मग गुरुजी शाळेच्या हिशोबात वय बसेल अशी तारीख लिहून टाकत. आपल्या किती तरी माणसांचे जन्म असे एका तारखेच्या रकान्यात कोंबले गेले. ज्यांच्या जन्माची नोंद कोणी ठेवली नाही, त्यांचा वाढदिवस कोण करणार?

म्हणून आज वस्तीत एखाद्या बाळाचा वाढदिवस होतो, तेव्हा आम्हाला आनंदच होतो. वाढदिवस हे परक्यांचे खूळ आहे, आपण करूच नये, असे म्हणणारे काही कार्यकर्ते आहेत. त्यांच्याशी आमचे जमत नाही. आपल्या लेकराचा जन्म ही मोठी गोष्ट आहे, हे चारचौघांत सांगण्याचा हक्क आपण मिळवला आहे. प्रश्न एवढाच, की त्या दिवशी बाळाच्या वाट्याला काय येते?

गेल्या उन्हाळ्यात एका वस्तीत आम्हाला अशाच वाढदिवसाचे बोलावणे होते. मुलगा दोन वर्षांचा. वडील बिगारी काम करतात, आई चार घरची धुणीभांडी. समाजमंदिराच्या मागच्या मोकळ्या जागेत मांडव होता. 'जंगल थीम' होती. थर्माकोलचा वाघ, थर्माकोलचा हत्ती, गॅसचे फुगे आणि पंधरा फुटी फ्लेक्स. फ्लेक्सवर बाळाचा फोटो एक आणि शुभेच्छुक भाऊ-दादांचे फोटो अकरा. दोन बाजूंना डीजेच्या भिंती.

क्रीमचा तीन मजली केक दुपारी चार वाजता आला आणि पत्र्याच्या खोलीत ठेवला. कार्यक्रम सहाचा होता. प्रमुख पाहुणे साडेनऊला आले. तोपर्यंत लेकरे उपाशी. ज्याचा वाढदिवस तो आवाजाने घाबरून रडला, रडून रडून आईच्या खांद्यावर झोपला. त्याला झोपेतून उठवून हातात सुरी दिली. फोटो झाले, केक तोंडाला फासून झाला, पाहुणे गेले. मांडवामागे मोठ्यांची बाटली सुरू झाली.

रात्री बाराच्या पुढे उलट्या सुरू झाल्या. सात मुले. त्यातल्या एका चिमुरडीला सलाईन लावावी लागली. सकाळी आम्ही घरोघरी जाऊन आलो. वाढदिवसवाल्या बाळाचे लसीकरणाचे कार्ड मागितले, तर गोवर-रुबेलाच्या दुसऱ्या डोसचा रकाना कोरा. आई म्हणाली, "त्या दिवशी कामावरून सुट्टी मिळाली नाही." वाढदिवसासाठी मात्र तिने दोन खाडे केले होते आणि महिना शेकडा पाचने २०,००० रुपये उचलले होते.

आम्ही जरा रागानेच बोललो. तेव्हा तिने जे सांगितले ते आमच्या मनातून जात नाही. "ताई, मी जिथं भांडी घासते, त्यांच्या पोरीच्या वाढदिवसाला बागेत असंच जंगल केलं होतं. तिथल्या उष्ट्या ताटल्या मी उचलल्या. मग माझ्या पोराला का नको?"

या प्रश्नापुढे आम्ही गप्प झालो. तिचे चुकले असे कोणत्या तोंडाने म्हणणार? तिला बाळासाठी मान हवा होता. पण तिने पैसे मोजून जे आणले, त्यात मान किती होता आणि बाळासाठी काय होते, हे आज शांतपणे बघू या.

आधी कर्जाचे. २०,००० रुपयांचे शेकडा पाचने महिन्याचे व्याजच १,००० रुपये. मुद्दल तसेच उभे. अंडे सात रुपयांना धरले, तरी या १,००० रुपयांत १४० अंडी येतात. म्हणजे बाळाला रोज एक अंडे, साडेचार महिने. हे फक्त एका महिन्याच्या व्याजात. सावकाराच्या घरी दर महिन्याला जाते ते हे.

आता केकचे. क्रीम, खवा, दूध यांचे पदार्थ फ्रीजबाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नयेत. कडक उन्हाळ्यात तर तासभरच. हाताच्या जखमेतून किंवा नाकातून स्टॅफिलोकोकस नावाचे जंतू अशा पदार्थात जातात, उबेत वाढतात आणि विष तयार करतात. ते खाल्ल्यावर एक ते सहा तासांत उलट्या सुरू होतात. केकची चव बदलत नाही, वास येत नाही, त्यामुळे कळतही नाही. दुपारी चारचा केक रात्री साडेनऊला कापला, तेव्हाच बारा वाजताच्या उलट्या ठरून गेल्या होत्या. त्यात कोणाची नजर लागली नव्हती आणि करणीही नव्हती. केक कापायला लागलेला उशीर एवढेच कारण होते.

उलट्या-जुलाब लागलेच, तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ओआरएसचे एक पाकीट मिसळावे आणि घोट घोट पाजत राहावे. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा. अंगावरचे दूध बंद करू नये. बाळ सुस्त पडले, डोळे खोल गेले, लघवी थांबली किंवा पाजलेले सगळेच बाहेर पडू लागले, तर घरी वाट बघू नका, दवाखाना गाठा.

फुग्यांचे दोन धोके आहेत. उडणाऱ्या फुग्यांत स्वस्तात पडतो म्हणून पुष्कळदा हायड्रोजन भरतात. तो ठिणगी लागताच पेटतो. कॉस्टिक सोडा आणि ॲल्युमिनियम घालून जुन्या टाकीत गॅस तयार करणारा फुगेवाला आला, तर ती टाकी मुलांच्या घोळक्यात ठेवलेला बॉम्बच समजा. दुसरा धोका फुटलेल्या फुग्याच्या तुकड्याचा. मूल तो तोंडात घालते आणि तो श्वासनळीवर चिकटून बसतो. फुगे लावाच, पण तोंडाने किंवा पंपाने फुगवलेले लावा, आणि फुटलेला तुकडा लगेच उचला. अंगावर उडवायचा फेसाचा स्प्रे आणूच नका. त्यात जळणारा वायू असतो. मेणबत्तीजवळ उडवला तर केस आणि कपडे पेटतात.

चार वर्षांखालच्या मुलाला अख्खे शेंगदाणे, फुटाणे, कडक गोळ्या, अख्खी द्राक्षे देऊ नयेत. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नये. घास अडकला आणि मुलाला रडता, खोकता येईना, तर तोंडात आंधळेपणाने बोट घालू नका, घास आणखी आत जातो. वर्षाच्या आतल्या बाळाला हातावर पालथे, डोके खाली करून धरा आणि तळहाताने पाठीवर पाच थापा मारा. घास निघाला नाही तर उताणे करून छातीच्या मध्यावर दोन बोटांनी पाच वेळा दाबा. घास निघेपर्यंत हे आलटून पालटून करा. एका वर्षावरच्या मुलाला मागून कवेत घ्या, बेंबीच्या वर मूठ ठेवा आणि आत-वर असे झटके द्या. दुसऱ्याने तोवर १०८ ला फोन लावावा.

डीजेबद्दल आम्ही बोललो की पोरे नाराज होतात. पण तान्ह्या बाळाचा कान स्पीकरपासून चार हातांवर आणून आपण कोणता आनंद साजरा करतो? ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत. राहत्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर लावायला बंदी आहे. याच गल्लीत दहावीची मुलगी अभ्यास करते, टीबीचा रुग्ण झोपायचा प्रयत्न करतो, बाळंतीण असते. शिका म्हणणाऱ्या बापाची लेकरे आपण. शेजारच्या पोरीचे पुस्तक बंद करून आपल्या पोराचा वाढदिवस होत नाही. मांडवामागच्या बाटलीबद्दल तर वेगळे सांगायलाच नको. संध्याकाळी पंचशील घ्यायचे आणि रात्री पाचवे शील मोडायचे, हे लेकरे बघत असतात.

बाबासाहेब आणि रमाई यांच्या पाच लेकरांपैकी एकटे यशवंतराव जगले. गंगाधर, रमेश, इंदू आणि शेवटचा राजरत्न, चौघे लहानपणीच गेली. राजरत्न गेला ते साल १९२६. ज्या रमाईने चार लेकरे मातीआड होताना पाहिली, तिच्या लेकी म्हणवून घेताना बाळाचा जीव ही आपली पहिली काळजी असली पाहिजे. २० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी आयाबहिणींना सांगितले ते हेच, की स्वच्छ राहा, व्यसनांपासून लांब राहा, मुलांना शिकवा, त्यांच्या मनात मोठे होण्याची जिद्द पेरा. आमच्या मते वाढदिवसाचा सगळा कार्यक्रम यातच आहे.

मग त्या आईला आम्ही काय सांगणार? जंगल कर, असेच सांगणार. पण आपले जंगल कर.

जातककथांत केवढे मोठे जंगल आहे. स्वतःला दान करायला निघालेला ससा आहे, कळपासाठी जीव पणाला लावणारा हरणांचा राजा आहे, सहा सुळ्यांचा हत्ती आहे, माकडे आहेत, हंस आहेत. जुन्या वह्यांचे पुठ्ठे आणि खळ घेऊन वस्तीतल्या मोठ्या मुलांना बसवा. दोन दुपारी मुखवटे तयार होतात. प्रत्येक पाहुण्या मुलाला एक मुखवटा, आणि त्या प्राण्याची गोष्ट आजीने किंवा ताईने सांगायची. फ्लेक्सऐवजी पुठ्ठ्याचे पिंपळाचे झाड करा. येणाऱ्या प्रत्येक मुलाने कागदी पानावर आपले नाव लिहून लावायचे. लिहिता येत नसेल त्याने अंगठ्याचा रंगीत ठसा उमटवायचा. झाड वाढदिवस संपल्यावर विहारात लावा. भाऊ-दादांच्या अकरा फोटोंपेक्षा ते शोभून दिसेल.

जागा विहाराचे पटांगण. वेळ चार ते सात, उन्हाळ्यात पाच ते साडेसात. सावली असावी, झाकलेले पिण्याचे पाणी आणि वगराळे असावे, हात धुवायला बादली आणि साबण असावा. मोकळ्या जागेतल्या काचा, खिळे, साचलेले पाणी सकाळीच काढून टाका. आधी बुद्ध आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेपुढे मेणबत्ती लावून त्रिशरण-पंचशील, मग खेळ, मग खाणे. कोणाही पाहुण्यासाठी थांबायचे नाही. बाळाची झोपेची वेळ हीच कार्यक्रमाची वेळ.

खायला ताजी खीर, मटकीची उसळ, उकडलेली अंडी, केळी. सुजाताची खीर आपल्या परंपरेत आहे, ती पातेल्यातून गरम गरम वाटा. केक हवाच असेल तर बिनक्रीमचा छोटा आणा, मेणबत्ती त्याच्यावर न लावता शेजारी लावा. फुंकर मारली की थुंकीचे थेंब केकवर पडतात आणि तोच केक सगळी लेकरे खातात.

आणि सकाळचा कार्यक्रम चुकवू नका. बाळाला आंघोळ घालून, नवे कपडे घालून अंगणवाडीत न्या. सुट्टी असेल तर आदल्या दिवशी न्या. वजन, उंची करून घ्या. पहिल्या वाढदिवसाला बाळाचे वजन साधारण जन्माच्या वजनाच्या तिप्पट झालेले असते. दंडाची पट्टी लावून घ्या. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंडघेर साडेबारा सेंटिमीटरच्या खाली असेल तर ते कुपोषण आहे, साडेअकराच्या खाली असेल तर ते तीव्र कुपोषण, उपचार लगेच हवा. लसीकरणाचे कार्ड आशाताईंना दाखवा. गोवर-रुबेलाचा पहिला डोस ९ ते १२ महिन्यांत आणि दुसरा १६ ते २४ महिन्यांत, त्याच वेळी डीपीटीचा बूस्टर आणि पोलिओचा बूस्टर. पाच-सहा वर्षांचे मूल असेल तर डीपीटीचा दुसरा बूस्टर. वेळ टळली असली तरी लाजू नका. उशिरा का होईना, डोस देता येतो.

जन्माचा दाखला काढला आहे ना, तेही त्याच दिवशी पाहा. जन्म झाल्यापासून २१ दिवसांत नोंदणी होते, पैसे लागत नाहीत. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना शाळेच्या प्रवेशापासून हाच दाखला लागणार आहे. आपल्या लेकरांची तारीख आता कोणत्या गुरुजींच्या मर्जीवर राहू नये. आणि मुलीचा वाढदिवसही मुलाइतकाच करा. वस्तीतल्या फ्लेक्सवर आम्हाला मुली फार कमी दिसतात.

त्या बाळाला आम्ही पुढच्याच लसीकरण सत्राला घेऊन गेलो. आईने अर्धा दिवस खाडा केला. सुई टोचली तेव्हा तो रडला, बाहेर येऊन केळे खाल्ले आणि गप्प झाला. यंदा तो तीन वर्षांचा होईल. आईचे कर्ज अजून फिटलेले नाही, पण मुखवट्यांसाठी पुठ्ठे गोळा करायला तिने सुरुवात केली आहे. तिने आम्हाला बजावले आहे, "ताई, हत्ती मीच करणार."

जयभीम, नमो बुद्धाय!