मुलांचीही मेडिकल हवी

सध्या पोस्टिंग येलवालला आहे. जवळच म्हैसूरचं होल्ड्सवर्थ मेमोरियल हॉस्पिटल. लोक त्याला मिशन हॉस्पिटल म्हणतात. तिथे बाळांच्या जन्मवजनाच्या जुन्या नोंदी जपलेल्या होत्या. त्यांवरून संशोधकांनी 1934 ते 1954 दरम्यान जन्मलेले 517 जण शोधून तपासले. 1996 साली निष्कर्ष छापून आला: जन्मतः अडीच किलो किंवा कमी भरलेल्यांत हृदयविकार 11 टक्के, 3.1 किलोहून जास्त भरलेल्यांत 3 टक्के.

हलकं जन्मलं म्हणजे हृदयविकार ठरलेलाच, असं नव्हे. पण लक्ष ठेवायला हवं.

आपली दरवर्षी मेडिकल होते, वजन वाढलं की शेरा पडतो. मुलांचं काय? बदली झाली की शाळा नवी, डॉक्टर नवा, जुने कागद ट्रंकेच्या तळाशी.

माझं मत सरळ आहे. प्रत्येक मुलाची एक वही असावी. पहिल्या पानावर जन्मवजन, मग दर वाढदिवसाला उंची, वजन आणि तीन वर्षांनंतर रक्तदाबही. हलकं जन्मलेलं मूल पुढे झपाट्याने जाड होऊ लागलं, तर ‘अंग धरलं’ म्हणून खूश न होता वही डॉक्टरांना दाखवावी. बदलीत आपल्या डॉक्युमेंट्ससोबत तीही हलवावी.